बंकटपाशी ठेवलेली बाटली

युसूफ वडगावात फ्रीज काय कमी न्हाईत. ज्याच्या घरी लगीन झालं त्याच्या घरी फ्रीज आला. पर लाइटीचा भरवसा न्हाई, आन् घरच्या मान्सांचा त्याहून न्हाई. म्हनून ज्याला एखादी चीज गार बी ठेवायची आन् झाकून बी ठेवायची, त्यो उठतो आन् बंकटकडं येतो.

बंकट म्हंजी स्टँडावरला गारीगारवाला. आता दुकान झालं, वर पाटी आली, आत उभा फ्रीज आला, त्याच्या बाजूला झाकनाची आडवी पेटी आली, लाइट गेली की लावायला जनरेटर आला. पर गावाच्या तोंडात अजून गारीगारवालाच. सायकलीच्या मागं लाकडी खोकं बांधून, एका हातानं घंटी वाजवत त्यो वाड्या-वस्त्या फिरलेला हाय. ती सायकल त्याला थोरल्या भावानं, आदिनाथनं घेऊन दिलती. दुकानाची जागा बी आदिनाथनंच बघितली, पेटी बी लातूरहून टेम्पोत घालून त्यानंच आनली. हे आदिनाथ सांगतो आन् न इचारता सांगतो. सातवी शिकलेला मानूस, पर जिल्ह्यात असं दुसरं दुकान न्हाई ह्या गोष्टीवर त्यो तहसीलदाराशी बी भांडंल. भावाला पेटी घेऊन देनं सोपं हाय, म्हनतो, पेटीला नाव मिळवनं अवघड. ते बंकटनं मिळवलं, आन् ते बी खरंच हाय.

नाव मिळालं ते गारीगारचं न्हाई, ठेवलेल्या चिजांचं. विमलबाईला साखरेचा आजार, तिचं इंजेक्शन उभ्या फ्रीजात. रहेमतबी हंगामात आंब्याचा रस काढून पेटीत टाकती आन् ईदीला नेती. कुना नवरदेवाचा हार, कुनाच्या शेळ्यांची लस, कुनाचा श्रीखंडाचा डबा. ज्यानं त्यानं आपल्या घरची चिंधी बांधायची. विमलबाईची हिरवी, रहेमतबीची जरीची किनार, आसं. बंकट ती चिंधी बघतो आन् चीज हातात देतो. गाठ सोडून बघायची न्हाई, आत काय हाय इचारायचं न्हाई, कोन ठेवून गेलं ते दुसऱ्याला सांगायचं न्हाई. बाजूचा पंक्चरवाला नबी म्हनायचा, "अमानत ठेवावी तर बंकट्यापाशी. ह्याला बघायला डोळे हायेत, पर ते वापरत न्हाई."

ही चेष्टा व्हती, तरी बंकटला ती छातीवरल्या बिल्ल्यासारखी वाटायची. त्याला शिक्षन न्हाई, शेत दीड एकर, ते बी खडकाळ. बोलायला लागला की शब्द दाताखाली आडकतेत. मानूस म्हनून गावानं त्याला किंमत द्यावी आसं ह्याच एका गोष्टीत व्हतं. ती गेली तर मंग नुसता गारीगारवाला.

तर औंदा धोंड्याचा महिना आला ऐन उन्हाळ्यात. तीन वर्साला एकदा येनारा महिना. जावयाला बोलवायचं, पुरनाचे धोंडे करून वाढायचे, कपडे करायचे, आन् जावई हासत गेला म्हंजी सासऱ्याची सुटका. गावातल्या राधाकिशनतात्याची लेक प्रियदर्शनी गेवराईकडं तलवाड्याला दिलेली. जावई अमरसिंह साधा, पर त्याचा बाप शिवशंकर लई फिरलेला मानूस. रस्त्यावर धाबा, बोलनं मोजकं, नजर बारीक. तात्या माजी सरपंच, पंधरा एकर बागायत, बोलायला लागला की पंचायत समिती गप. पर ह्या व्याह्याम्होरं त्यो आवाज जरा खाली ठेवायचा, कावून की लेक त्यांच्या घरात व्हती.

जावयासंगं व्याही बी येनार म्हनल्यावर तात्यानं एक विलायती बाटली राखून ठेवलीती. भाच्यानं दुबईहून आनलेली. घरात ठेवायची सोय न्हाई. त्याची बायको सुंदरबाई धोंड्याचा महिना पाळती, एक वख्त जेवती, कांदा-लसूनसुदिक चुलीम्होरं येऊ देत न्हाई. तितं बाटली सापडली तर व्याह्याच्या आधी तात्यालाच गाव सोडावं लागलं आसतं. म्हनून बाटली पिठाच्या पिशवीत घालून, वर लाल चिंधी बांधून, चार महिने आधीच बंकटच्या मागल्या खोलीत फळीवर आली. जेवन घरी करायचं आन् बाटली मळ्यातल्या आखाड्यावर, गोठ्यापाशी, फोडायची, आसा बेत.

त्या चार महिन्यांत तात्या अधूनमधून यायचा. गाडी लावायचा, इकडं तिकडं बघायचा आन् म्हनायचा, आपली चीज बरी हाय का बघून येतो. बंकट पडदा सारून द्यायचा आन् पाठ करून गारीगारच्या साच्यात काड्या लावत बसायचा. मागल्या खोलीत फळी, दोन पोती साखर आन् प्यायच्या पान्याचा माठ, येवढंच. थोड्या येळानं तात्या मिशी पुसत, बडीशेप चावत बाहेर. जाताना बंकटच्या पाठीवर थाप. येताना चिडका आसलेला मानूस जाताना गानं गुनगुनत कसा जातो, हा इचार कुनाच्याबी डोक्यात आला आसता. नबीच्या डोक्यात आला, त्यानं हासून बंकटला डोळा बी मारला. बंकटनं काड्या लावल्या.

धोंड्याच्या आदल्या दिशी तात्याचा फोन आला, उद्या दुपारी पावनं येतेत, बाटली गार करून ठेव. उभ्या फ्रीजात बोट शिरवायला जागा न्हवती. गावातल्या निम्म्या घरांत जावई आलेले, त्यांची श्रीखंडं, बासुंद्या, पेढे, समदं बंकटच्याच फ्रीजात. मंग त्यानं लाल चिंधीची पिशवी आडव्या पेटीत, गारीगारच्या थराखाली सारली. घंटाभरानं काढू म्हनला. तेवढ्यात केजची बस आली, पन्नास मान्सं उन्हानं भाजून उतरली, त्यांच्यामागं एक लग्नाचा टेम्पो आला, आन् बाटली राहिली ती राहिलीच.

दुसऱ्या दिशी सकाळच्याला पेटीत हात घातला तवा त्याच्या बोटाला पिशवी लागली. वर काढली तर दगड. पिशवी हलवून बघितली, आत काय हलंना. दहा वर्सांत पहिल्यांदा बंकटनं दुसऱ्याची गाठ सोडली. बाटली आतनं पांढरी पडलेली, बुचापासनं बुडापतूर गच्च. कुनी इश्वासानं दिलेली चीज त्याच्या हातनं बिघडली, आसं आजपतूर झालं न्हवतं.

नबीला हाक मारली. नबीनं बाटली उलटी-सुलटी करून बघितली आन् म्हनला, सोपं हाय, टायर गरम करायच्या पत्र्यावर ठेवू. बंकटनं बाटली छातीशी धरली. मागल्या साली एक सोड्याची बाटली पेटीतनं काढून उन्हात ठेवली तवा ती फटाक्यासारखी उडालीती, काचा आजून छपरात हायेत. नबी म्हनला, मंग चहाच्या आधनात घाल. बाजूला बसलेल्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं की खुडूक कोंबडीखाली ठेव, आंड्यागत हळूहळू ऊब लागंल. रहेमतबीची कोंबडी खुडूक व्हती बी, आन् नबी ती आनायला निघाला बी. बंकटनं त्याला शर्टाला धरून मागं ओढला. शेवटी त्याच्याच डोक्यानं घेतलं, घाई करायची न्हाई. माठातलं पानी बादलीत ओतलं, ना गरम ना गार, आन् त्याच्यात बाटली उभी करून वर वलं पोतं टाकलं. मंग दुकान सोडून त्यो बादलीपाशी बसला, पहिल्या बाळतपनाला बाप बसतो तसा. थोड्या थोड्या येळानं पोतं उचलायचा. हळूहळू काचेला लागून सोनेरी पानी सुटलं आन् मधला पांढरा गोळा आतल्या आत फिरायला लागला. बंकटच्या जिवात जीव आला. दुपारपतूर समदं वितळंल, तात्याला कळायचं बी न्हाई.

पर तात्या दुपारची वाट न बघता आला. पावनं सकाळीच आले, जेवनं लौकर उरकली, जावई घरी सासूपाशी बसला, आन् व्याही म्हनला, चला, तुमचं गाव दाखवा. तात्यानं जीप सरळ स्टँडावर आनली. बंकट बादलीपाशी उकिडवा, हातात बाटली, बाटलीत गोळा. लपवायला येळच मिळाला न्हाई. त्यानं खरं ते सांगून टाकलं, तात्या, चूक झाली, पेटीत राहिली, गोठली, पर वितळत आली हाय.

तात्या हासून घेनारच व्हता. तेवढ्यात शिवशंकरनं हात पुढं केला, बाटली घेतली, उन्हाकडं धरली.

"व्याही, धाब्यावर माझी बी पेटी हाय. कोंबडी दगड व्हती त्याच्यात, पर दारू न्हाई व्हत. तेलागत जाड व्हती, गोठत न्हाई. ह्याच्यात पानी हाय."

शांतपनी म्हनला. पर स्टँड म्हंजी स्टँड, दहा मान्सं वळली. शिवशंकरनं बुचाची कड बोटानं फिरवून बघितली, सील कवाच तुटलेलं. तात्याच्या तोंडावरलं हासू तिथंच गोठलं. लेकीच्या सासऱ्याला पानी घातलेली दारू पाजायला आनली, ही गोष्ट तलवाड्यात कशी सांगितली जाईल ते त्याला दिसायला लागलं आसनार. त्यानं व्याह्याकडं बघितलं, गर्दीकडं बघितलं आन् मंग बंकटकडं वळला.

"पानी घातलंस व्हय रं बंकट?"

बंकटला पहिल्यांदा वाटलं, तात्या चेष्टा करतोय. मंग त्याला मागली खोली दिसली, फळी दिसली, फळीखालचा माठ दिसला. ती पुसलेली मिशी, ती बडीशेप. चार महिने ज्याच्याकडं त्यानं पाठ केलीती ते समदं एका दमात म्होरं येऊन उभं राहिलं. तोंडापतूर शब्द आला. तात्या, तुमीच आलता की आत, एवढंच म्हनायचं व्हतं. पर बाजूला व्याही उभा. प्रियदर्शनीला बंकटनं लहानपनी उधारीवर गारीगार दिलेल्या. आन् कोन काय ठेवून गेलं, कोन बघून गेलं, हे एकदा तोंडातनं निघालं तर मंग त्याच्या पेटीत आन् स्टँडावरल्या चहाच्या टपरीत फरक काय राहिला?

"म्या न्हाई घातलं," त्यो म्हनला.

"मंग कुनी घातलं?"

बंकटनं बादलीवरलं पोतं नीट केलं.

गप बसलेला मानूस गर्दीला लई लौकर चोर दिसतो. कुनी म्हनलं, पेटीवाल्याच्या ताब्यात चार महिने, अजून काय पाहिजे. कुनी म्हनलं, बासुंदीत बी पानी आसंल मंग. आन् त्याच येळेला विमलबाई, जी रोज बंकटला लेकरा म्हनती, ती पदर सावरत म्होरं आली आन् खाली बघत म्हनली, "माझं इंजेक्शन दे रं. ठेवते घरीच."

बंकटनं हिरव्या चिंधीची पिशवी काढून दिली. तात्याचा आरोप त्यानं कसा बी गिळला आसता, पर ही हिरवी चिंधी त्याला गिळंना. तिच्या घरी फ्रीज न्हाई हे समद्या गावाला ठाऊक.

बातमी आदिनाथपतूर जायला येळ लागला न्हाई. त्यो आला ते आवाजासगट आला. आमच्या खानदानात कुनी दुसऱ्याच्या चिजेला हात लावलेला न्हाई, म्हनला, आमचा आज्जा निजामाच्या टायमाला सरकारी धान्याच्या बळदावर राखनदार व्हता, दुष्काळ पडला तरी त्यानं मूठभर ज्वारी घरी आनली न्हाई. गर्दीतल्या कुनी इचारलं बी न्हवतं. मंग त्यानं बंकटला बाजूला घेऊन, दातओठ खाऊन इचारलं, मागल्या खोलीत कोन कोन आलतं ते फक्त बोल, बाकीचं मी बघतो.

"दादा, ते मी सांगत न्हाई."

"मला? मला सांगत न्हाईस बे?"

"कुनालाच न्हाई."

आदिनाथला त्याच्या कानाखाली द्यावी वाटली आन् मिठीत बी घ्यावं वाटलं. दोन्ही केलं न्हाई, नुसता टोपी झटकत राहिला.

बाटली अजून शिवशंकरच्या हातात व्हती. गोळा आता निम्मा झालता, कडंनी सोनेरी पानी फिरत व्हतं. बंकटची नजर त्याच्यावर गेली आन् तिथंच राहिली. जलमभर ज्यानं गारीगार इकली त्याला हे येगळं सांगावं लागत न्हाई. गारीगार जोरात चोखली की आधी रंग येतो, गोडी येती, आन् काडीला मागं पांढरा फटक बर्फ राहतो. त्या बर्फाला चव नसती, लेकरं त्यो फेकून देतेत. इतकी वर्सं फेकलेली बघितली, पर ह्या गोष्टीचा उपयोग व्हईल आसं त्याला कधी वाटलं न्हवतं.

"पावनं, जरा द्या हिकडं," म्हनला. काचेचा गिलास धुऊन पुसून घेतला, बाटली तिरपी केली. गोळा गळ्याला आडकला आन् त्याच्या बाजूनं धार लागली, पिवळी, दाट. बाटलीत राहिला त्यो बर्फ नुसता पांढरा. गिलास शिवशंकरच्या हातात दिला. शिवशंकरनं वास घेतला, घोटभर घेतला, डोळे बारीक केले, आन् जीभ टाळ्याला लावून बराच येळ उभा राहिला.

"ही खरी हाय," म्हनला. "कडक हाय. म्हंजी दारू बरोबर आनलीती. आन् त्यो मागं राहिलाय तेवढं पानी."

समद्यांनी बाटलीकडं बघितलं. राहिलेला गोळा काय बारका न्हवता. आन् तेवढं पानी घालायला जागा व्हायची तर तेवढी दारू आधी कुनाच्या तरी पोटात गेली पाहिजे, हे सांगायला कुना इंजिनेराची गरज न्हवती. शिवशंकरनं बंकटला वरपासनं खालपतूर बघितलं आन् इचारलं, तू घेतोस का? बंकटच्या आधी नबीच हासत सुटला. म्हनला, "ह्यो? खोकल्याचं औषद घेतलं की दोन दिस दुकान बंद आसतंय, साहेब." गर्दीतनं बी हासू फुटलं, कावून की ते खरं व्हतं. एकदा कुना वरातीत कुनी तरी त्याच्या सरबतात थोडी मिसळलीती तर बंकट मांडवात झोपला आन् नवरीकडच्यांनी त्याला आपला पावना समजून घरापतूर नेलता.

मंग शिवशंकरनं फिरून आपल्या व्याह्याकडं बघितलं. तात्या लिंबाच्या झाडाकडं बघत व्हता, जसं काय ते आजच उगवलं. बंकटला वाटलं, आता हे मानूस सगळ्यांदेखत नाव घेतंय, लेकीच्या सासरचं मानूस, आन् आपन एवढं दाबून ठेवलेलं फुकट जातंय.

शिवशंकरनं गिलास संपवला, पालथा करून फळीवर ठेवला आन् तात्याच्या खांद्यावर हात टाकला.

"व्याही, ही बाटली हितंच राहू द्या. ह्या गड्याच्या हातात समदं नीट राहतंय. फक्त हितनं म्होरं बघायला एकट्यानं यायचं न्हाई. मला फोन करायचा, दोघं मिळून बघू."

आधी नबी हासला, मंग स्टँड हासलं. तात्याचं तोंड लाल झालं, मिशी हलली, आन् समद्यात शेवटी त्यो बी हासला, आधी कसनुसा आन् मंग खरा, पोट धरून. हासू ओसरल्यावर त्यानं घसा साफ केला आन् सरपंच आसताना सभेत काढायचा तसा आवाज काढला.

"ऐका रं. बंकटनं पानी घातलेलं न्हाई. बंकटचं काय बी चुकलेलं न्हाई."

मंग कुनी घातलं, हे कुनी इचारलं न्हाई. गावाला जेवढं पाहिजे तेवढं कळलं व्हतं, आन् लेकीच्या सासऱ्याम्होरं त्याहून जास्त कळवायचं नसतंय. दोघं व्याही जीपमधी बसून आखाड्याकडं न जाता सरळ घरी गेले. संध्याकाळी सुंदरबाईनं बंकटकडं तूप घातलेले धोंडे पाठवले, अन् निरोप आला की जावयासारखं बसून खा. तिला काय ठाऊक झालतं आन् काय न्हाई, ते तिचं तिलाच माहीत.

विमलबाई तिन्हीसांजंला आली. पिशवी फ्रीजाच्या दारात धरून उभी राहिली. बंकटनं हिरवी चिंधी बघितली, गाठ बघितली आन् पिशवी जागच्या जागी ठेवली. मंग ती म्हनली, उन्हानं डोकं फिरलतं रं लेकरा. त्यानं तिला एक गारीगार दिली आन् साखर आठवून परत घेतली.

जेवताना आदिनाथनं पुन्हा इचारलं. त्याला समदं कळलेलं व्हतं, न कळायला त्यो काय लेकरू न्हाई. पर भावाच्या तोंडून ऐकायचं व्हतं, एकदाच, घरातल्या घरात, दार लावून. बंकटनं धोंडा मोडला, त्याच्यावर तूप घेतलं, आन् म्हनला, दादा, पुरन लई ग्वाड झालंय.

आजपतूर त्यानं सांगितलेलं न्हाई. आन् आदिनाथ आता केजपासनं अंबाजोगाईपतूर, बसमधी, बाजारात, लग्नात, ओळख नसलेल्या मान्साला बी सांगतो की माझ्या भावाच्या पोटातलं मला, त्याच्या थोरल्या भावाला, ज्यानं सायकल घेऊन दिली त्याला बी कळत न्हाई. आसा भाऊ दुसऱ्या कुनाला आसंल तर आनून दाखवा, म्हनतो.